घुबडाचा मग आणि माझा कायमचा ऑफ तास

मगावर घुबड आहे, हे आधीच सांगून टाकते. मला कोणी आधी सांगितलं असतं, तर तो खोका मी सासूबाईंसमोर उघडला नसता.

२०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. पुण्याकडे कंपनीत असलेली गावची पोरं घरी आली होती, त्यातली चौघं माझ्या हाताखालून गेलेली. मी जूनअखेर गावच्या शाळेतून निवृत्त झाले होते. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहानग्यांचे लाकडी नंदी मिरवून झाले आणि दिवेलागणीला ही चौघं आमच्या अंगणात हजर. शिक्षक दिन ५ तारखेला, पण तोवर थांबले तर पगार कापतात, म्हणून शुभेच्छा दोन दिवस आधी. "मॅडम, तुमच्यासाठी मग आनला." सासूबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मग्गा? न्हानीत त हाय ना एक." आमच्याकडे मग म्हणजे बादलीत तरंगणारा प्लास्टिकचा, दुसरा कुठला नाही.

खोका उघडला. पांढराशुभ्र चिनीमातीचा मग, त्यावर चौकोनी काळी टोपी घातलेलं, गोल चष्मा लावलेलं घुबड आणि त्याच्या पंजात लाल सफरचंद. दुसऱ्या बाजूला मराठीत छापलेलं: "माझा आता कायमचा ऑफ तास". पोरं हसली, मीही हसले. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "दिवे लागाच्या टायमाले घुबड कायले आनलं बे घरात?"

पोरांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. मी पटकन चहा टाकायला उठले.

आता वर्षाच्या वर झालं, मग रोजच्या वापरात आहे. ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, आमच्या मॅडम रिटायर होत आहेत, तसलाच मागवू का? एकेकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते.

आधी चित्र. घुबड म्हणजे शहाणपण हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे, ग्रीकांच्या अथेना देवीजवळ घुबड असतं. आपल्याकडेही ते लक्ष्मीचं वाहन आहे, पण हे सासूबाईंना सांगून उपयोग झाला नाही. "लक्ष्मीचं हाय त लक्ष्मीजवळ राहू दे." परिसर अभ्यास शिकवताना मी स्वतः दरवर्षी पोरांना सांगायची, की घुबड उंदीर खातं, शेतकऱ्याचं नुकसान वाचवतं, त्याला दगड मारू नका. रानपिंगळा हे छोटं घुबड आपल्या मेळघाटात आहे, जगात फार थोड्या ठिकाणी आहे, हेही सांगायची. पोरं माना डोलवायची आणि घरी जाऊन आजीचंच ऐकायची. तेव्हा मगावरच्या घुबडाशी माझं वैर नाही. पण खेड्यातल्या बाईला भेट द्यायची असेल, तर घरात सासू आहे का हे आधी बघावं.

सफरचंदाचं मात्र मला खरंच कोडं आहे. पस्तीस वर्षं शाळेत काढली, एकाही पोरानं सफरचंद आणलं नाही. कुठून आणणार? बोरं आणली, चिंचा आणल्या, तुरीच्या ओल्या शेंगा फ्रॉकच्या ओच्यात भरून आणल्या, हरभऱ्याचे घाटे आणले, एकीनं तर अंबाडीची जुडी आणली होती, मातीसकट. सफरचंद आमच्याकडे दवाखान्यात भरती असलेल्या माणसाला नेतात, तेही पावभर. घुबडाच्या पंजात ते पाहून मला पहिल्यांदा वाटलं, की हे पाखरू कोणाला तरी पाहायला यवतमाळच्या दवाखान्यात चाललं आहे. शिक्षकाला सफरचंद द्यायची रीत अमेरिकेकडची. ज्यानं हा मग काढला त्यानं तिकडचं चित्र उचललं आणि खाली मराठी ओळ चिकटवली.

ओळ बरी आहे. चावट आहे, शाळेतली आहे, भाषांतर केल्यासारखी नाही. 'ऑफ तास' हा शब्द ज्याला सुचला तो शाळेत गेलेला माणूस आहे. पण गेला असेल तो हायस्कुलात. तिथं भिंतीवर वेळापत्रक असतं, आठ तास आखलेले असतात आणि ऑफ तासाच्या, म्हणजे शिकवायचं नसलेल्या तासाच्या, चौकोनावर शिक्षकांचा जीव असतो. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत हा प्रकारच नाही. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला, त्यानं प्राथमिकच्या साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. आमचा पट ३७. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तेवढ्यात दुसरीचं हातच्याचं गणित फळ्यावर टाकायचं, तेवढ्यात पहिलीतला कोणी रडतो कारण त्याची पाटी दुसऱ्यानं पुसली. खिचडी शिजली की पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी आपण चव घ्यायची आणि रजिस्टरला सही करायची. सर पंचायत समितीच्या मिटिंगला गेले, की चारही वर्ग व्हरांड्यात एका सतरंजीवर. त्या दिवशी मी लघवीलाही जात नसे. अशा बाईच्या हातात 'ऑफ तास' लिहिलेला मग आला, तर तिला आधी हसू येतं आणि मग जरा वेळानं दुसरंच काही येतं.

त्यात पुन्हा 'कायमचा'. माझी जन्मतारीख १ जुलै. खरी नव्हे, दाखल-खारीज रजिस्टरातली. नाव घालायला गेलो की हेडमास्तर बापाकडे बघून अंदाजानं तारीख टाकायचे, माझ्या पिढीत जूनची एक नाहीतर जुलैची एक तारीख असलेले किती तरी भेटतील. त्या हिशेबानं ३० जून २०२४ ला माझी ५८ पूर्ण झाली. तो रविवार होता. विदर्भात उन्हापायी शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्या वर्षी १ जुलैला उघडल्या. म्हणजे मी निवृत्त झाले तेव्हा शाळेला कुलूप होतं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली घंटा मी चुलीपुढे बसून ऐकली. शाळा घरापासून दोनशे पावलांवर आहे, ऐकू येतेच.

आणि सरकारच 'कायमचा' ठेवू देत नाही. २०२३ च्या जुलैत ठरलं, की रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजारांवर कंत्राटी घ्यायचं, सत्तरीपर्यंत. आमचे सर माझ्या दीड वर्ष आधी निवृत्त झाले होते. ते शेजारच्या गावी पुन्हा रुजू झाले, तीच टाचणवही, तीच सायकल. त्यांच्याबद्दल पुढे येतंच.

मग दिला त्या रात्री सासूबाईंनी विचारलं, "लिवलं काय हाय त्याच्यावर?" त्यांना आकडे वाचता येतात, अक्षरं नाही. मी म्हटलं, "आता माझी कायमची सुट्टी, असं लिहिलं आहे." त्यांनी मगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग उद्या भाकरी कोन टाकते?"

आता वस्तूविषयी, कारण घेणाऱ्याला ते कळायला हवं. किंमत ३४९ रुपये, ती पोरांनी सांगितली नाही, खोक्यावरची चिठ्ठी अर्धी निघाली होती. दुधाच्या पाव लिटरच्या मापानं मोजला, एक माप भरून वर आणखी अर्धा कप मावतं. काठोकाठ सव्वातीनशे मिलीच्या आसपास. हा मोठा दोष आहे. आमच्या घरी तेवढ्यात तिघांचा चहा होतो. पाहुण्यासमोर आपण एवढा मग घेऊन बसावं आणि त्याच्या हाती बोटभर कप, हे दिसायलाही बरं नाही. मी पहिल्या आठवड्यात हौसेनं भरून घेतला, निम्मा होईस्तोवर वर साय धरली. बशी नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या माणसांच्या दृष्टीनं तो चहाचा नाहीच. ते बशीत ओतून फुर्र केल्याशिवाय चहा मानत नाहीत. आता मी अर्ध्याच्या खाली भरते. मे महिन्यात मात्र मगानं उपकार केले. पारा ४५ ला टेकतो तेव्हा ताक एवढंच लागतं, जिरं-मीठ टाकून, आणि चिनीमाती जाड असल्यानं ते स्टीलच्या गिलासापेक्षा जरा जास्त वेळ गार राहतं.

कान मोठा आहे, चार बोटं जातात. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या सांध्यांना खडू-डस्टर धरून धरून ताठरपणा आला आहे, अरुंद कानाचे कप मला धरवत नाहीत, हा धरवतो. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर ३४० ग्रॅम भरलं. रिकामा असताना. भरला की हात दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जड जाईल.

छपाईची गंमत अशी, की उजव्या हातानं मग धरला तर घुबड आपल्याकडे तोंड करून असतं आणि ओळ समोरच्याला दिसते. म्हणजे ऑफ तासाची जाहिरात गावाला आणि घुबडाचं दर्शन मला.

टिकाऊपणाचं म्हणाल तर, धुण्यावर आहे. नुसत्या हातानं, साबणानं धुतला तर रंग हलत नाही. पण दिवाळीच्या गर्दीत भाचीनं तो कढईबरोबर तारेच्या घासणीनं घासला. दुसऱ्या दिवशी उजेडात धरून पाहिलं. सफरचंदाच्या लाल भागावर केसासारख्या बारीक रेघा उठलेल्या, तिरप्या, सगळ्या एका दिशेनं, आणि तेवढी जागा चकाकी गेल्यासारखी मळकट दिसते. बोट फिरवलं तर किंचित खरखर लागते. रंग गेला नव्हता, वरचा पातळ थर ओरखडला होता. राखेनं घासाल तर हेच होईल. असं का होतं ते मला पुढे दारव्ह्याला, आमच्या तालुक्याच्या गावी, कळलं.

झालं असं, की आमच्या सरांची साठी भरली. मला वाटलं, त्यांनाही मग द्यावा, पण घुबडाचा नको आणि ऑफ तासाचा तर मुळीच नको, माणूस रोज सायकलवर शाळेत जातो आहे. शिवाय ऑनलाइन मागवलं की पार्सल गावात येत नाही. कुरिअरवाला तालुक्याहून फोन करतो, "मॅडम, दोन दिवसांत घेऊन जा, नाहीतर परत जाते." जायचंच तर तिथेच छापून घेऊ, म्हणून एसटीनं गेले. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, तेवढी सोय.

बसस्टँडच्या बाजूला एक फोटो स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळं करतो. तिथल्या पोरानं मला करून दाखवलं. खास शाईनं एका कागदावर चित्र छापतात, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. तो कागद मगाला गुंडाळून चिकटपट्टी लावतात आणि मगाच्या गोलाईत बसेल अशा यंत्रात दाबून १८० अंशांच्या वर तीन-चार मिनिटं तापवतात. उष्णतेनं शाईची वाफ होते आणि मगावर आधीच दिलेल्या पारदर्शक लेपात शिरते. म्हणून साध्या कपावर हे चित्र धरत नाही, लेप असलेला मगच लागतो. आणि म्हणूनच लेप घासला गेला की चित्र गेलं. आम्ही स्टेन्सिल कापून चक्रमुद्रित प्रश्नपत्रिका काढलेली माणसं, मला हे पाहायला फार आवडलं. कागदावरची उलटी अक्षरं पाहून पहिलीचा वर्ग आठवला. दरवर्षी एक-दोन पोरं असतातच, 'र' आणि 'ग' आरशातला काढणारी. त्यांना रागवायचं नसतं, जानेवारीपर्यंत ती आपोआप सुलटी होतात.

मी ओळ दिली होती: "सेवानिवृत्तीनंतरही हजर". पोरानं माझ्या फोनवरून मजकूर घेतला, संगणकावर चिकटवला, छापला, तापवला. पाच मिनिटांत मग माझ्या हातात, अजून गरम. वाचला आणि माझा हात आपोआप पर्समध्ये लाल पेनकडे गेला. 'नि'ची वेलांटी 'न' सोडून पुढे सरकली होती आणि 'वृ'च्या डोक्यावर जाऊन बसली होती. 'त्ती' फुटून पाय मोडलेला 'त्' वेगळा आणि 'ती' वेगळी. सरांसारख्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर पोरांच्या वेलांट्यांना गोल केले, त्याला हे?

"मॅडम, सॉफ्टवेअर जुनं हाय, असंच येते. दुरून बराबर दिसते. कोन वाचते इतकं?"

"सर वाचतील."

दोष समजून घेतला, तेवढी खोड आहे मला. संगणक वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतो आणि दाखवताना आधी आणून लावतो. ही आधी आणून लावायची अक्कल जुन्या सॉफ्टवेअरला नाही. गंमत म्हणजे पहिलीतलं पोर अगदी हेच करतं. बोलताना आधी 'न' येतो, म्हणून आधी 'न' काढतं, मग आठवण झाली की वेलांटी पुढे देतं. त्या पोराची पाटी पुसता येते. मगाचं तसं नाही. शाई लेपात गेली की गेली, खोडरबर चालत नाही. पैशावरून थोडी घासाघीस झाली. मग २२० चा, बिघडलेल्याचे मी ७५ द्यायचे असं ठरलं, आणि तो मग मी घरी आणला. फेकवला नाही.

तुम्ही कोणी छापून घेणार असाल तर एवढं करा: मजकूर द्यायचा नाही, मजकुराचं चित्र द्यायचं. फोनवर नीट टाइप करून स्क्रीनशॉट काढा, तोच छापायला सांगा. आणि यंत्रात घालण्याआधी कागद मागून घ्या आणि आरशासमोर धरून वाचा, आरसा त्यांच्याकडे असतोच, फोटोआधी भांग पाडायला.

मी आणखी एक केलं. पुढच्या खेपेला शाळेत जाऊन आताच्या मॅडमना विनंती केली आणि तिसरीतल्या एका पोरीकडून पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेननं दोनच शब्द लिहून घेतले: "हजर सर". तिनं जीभ बाहेर काढून लिहिलं. 'ह' पोट सुटलेला, 'ज'ची शेपटी लांब, शिरोरेषा एकाच ओळीत सुरू होऊन शेवटी चढावर गेलेली. त्याचा फोटो दिला, तोच छापला गेला. हस्ताक्षराला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. मग पांढरा, त्यावर एवढंच. खोका नव्हता, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. छपाई ऑनलाइनच्या मगापेक्षा जरा फिकट आहे, काळा रंग उन्हात पाहिला तर तपकिरीकडे झुकतो. किंमत कमी, धावपळ जास्त.

सर घरी आले तेव्हा मी दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, हातातला मग उजेडाकडे फिरवला. मला वाटलं काही बोलतील. म्हणाले, "शिरोरेषा वर चालली." मग थोड्या वेळानं, "कोन्या वर्गातली?" तिसरीतली म्हटल्यावर, "होते. चौथीपर्यंत होते सरळ." तो मग त्यांनी त्याच पिशवीत टाकला, ज्यात हजेरी नेतात.

तेव्हा ओळखीतल्या बायांना माझं सांगणं एवढंच. रेडीमेड मग वाईट नाही. धरायला चांगला, ताकाला उत्तम, जपून धुतला तर चित्र राहतं. शहरातल्या हायस्कूलच्या सरांना ऑफ तासाची ओळ नक्की आवडेल. खेड्यातल्या प्राथमिकच्या माणसाला देणार असाल तर ७० किलोमीटर हिंडावं लागलं तरी स्वतः छापून घ्या, पण वेलांटी तपासून. पाचपैकी गुण द्यायचे तर घुबडाला साडेतीन. पोरांनी आणला म्हणून अर्धा वाढवला आहे, हे पेपर तपासणाऱ्यानं करू नये, पण केलं.

राहिला तो बिघडलेला मग. तो सासूबाईंनी उचलला. त्यावर घुबड नाही, तेवढं त्यांना पुरे आहे. रोज सकाळी सहाला त्यात अर्धा कप चहा घेऊन त्या ओसरीवर बसतात, उजव्या हातात धरून. छपाई दोन्ही बाजूंना सारखीच आहे, म्हणून मी समोर बसले की ती वेलांटी बरोबर माझ्यासमोर येते.